उत्रोलीच्या चुलीवर नाचणी

हे कुणी खरं मानणार नाही, तरी सांगतो. वाघाचा सुळा माझ्या पोटरीत मोडलेला आहे.

साल सदतीस असावं. मी गेनू, वेल्ह्याचा. उत्रोलीत दिलेली माझी बहीण बना हिवतापानं अंथरुणाला खिळली होती. ताप उतरला, पण अंगात जीव भरेना. तिची सासू अंबूबाई तिला पांढऱ्या तांदळाची निवळ पेज पाजायची. भातवाल्यांचं घर ते, त्यांच्या परीनं बाई करतच होती. पण लावणी तोंडावर आलेली. तोवर पोरगी उभी राहिली नाही तर माहेरी घेऊन जा, असा निरोप आला. अशी धाडलेली सून परत नांदायला जात नाही, हे आम्हांला ठाऊक होतं.

मी नाचणीच्या पिठाची पिशवी खांद्यावर टाकली आणि आठ कोस चालत गेलो. अंबूबाईनं ती उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावली. म्हणाली, हे डोंगरातलं काळं अन्न आमच्या चुलीनं कधी पाहिलं नाही, ते रांधतात कसं हेही मला ठाऊक नाही.

भांडून उपयोग नव्हता. मी ओट्यावर बसलो आणि नाचणीच्या आंबिलीचं सांगू लागलो. ओल्या मातीसारखा रंग, वर ठेचलेला लसूण, चिमूटभर जिरं. सकाळी एक वाडगा पोटात गेला की सूर्य माथ्यावर येईतो भूक आठवत नाही. आमच्या म्हाताऱ्या त्यावरच नव्वदीत कडा चढतात. लसणाचं नाव निघालं तेव्हा बाईनं आवंढा गिळला, एवढं माझ्या नजरेनं टिपलं. मग मी वाघ काढला.

"आज पहाटं पीठ पाण्यात कालवलं, शिजवलं, लोटाभर आंबील प्यालो आन् निघालो," मी रेटून सांगितलं. "खिंडीत वाघानं पोटरी धरली, मावशी. कटकन सुळा मोडला त्याचा. नाचणीची हाडं ही."

ती ना हसली, ना दचकली. वाघ तिनं तसाच जाऊ दिला. बाहेर येऊन पिशवीची गाठ सोडली, चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. बराच वेळ ती डोंगराकडे तोंड करून उभी होती.

"खोटं बोलताय, पावनं," ती म्हणाली. "रातभर ताकात भिजल्याबिगर आंबील व्हत न्हाई. आना ती पिशवी आत, ताक हाय घरात."