धुलाईतला पहिला दिवस

"जगात खरा न्याय फक्त तक्त्यात मिळतो," असं हजेरीमास्तरांनी जेवणाच्या सुट्टीत जाहीर केलं. ऐकायला एकटा रखवालदार होता, आणि तो घोरत होता.

बाटल्यांच्या त्या कारखान्यात नियम सोपा. सलग तीनशे दिवस भरले की माणूस कायम. दिवस मोजायचे मास्तरांनी, संगणकावरच्या तक्त्यात. ते स्वतःही अजून कायम नव्हते. साहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी एक अक्कल लढवली होती: वरच्या ओळीत तेच नाव आणि तोच विभाग असेल, तर कालच्या आकड्यात एक मिळवायचा; विभाग बदलला, की मोजणी पुन्हा एकपासून. मग कुणाचे दिवस दोनशे नव्वदच्या वर गेले, की साहेब तिला दुसऱ्या विभागात, म्हणजे बाटल्यांच्या धुलाईत, धाडत. अकरा जणी अशा एकवर आल्या. दरवेळी साहेब मास्तरांच्या पाठीवर थाप मारत, आणि ती थाप मास्तर दोन दिवस घरी मिरवत.

बारावी त्यांची सख्खी वहिनी. लेबलांवरून तिला धुलाईत टाकलं, तेव्हा तिचे दोनशे अठ्ठ्याण्णव झाले होते.

"भावोजी, विभागाचा रकाना तेवढा जुनाच ठेवा. दोन दिवसांचा तर प्रश्न. कोण बघतंय?"

"वहिनी, सूत्राला नातं कळत नाही."

"तुम्हाला तरी कुठं कळतंय," म्हणून ती निघून गेली.

चाळीस दिवसांनी मास्तरांचे दोनशे नव्व्याण्णव भरले. इस्त्रीचा सदरा घालून आले. साहेबांनी बसायला खुर्चीसुद्धा दिली.

"मास्तर, उद्यापासून तुम्ही धुलाईत."

"मग तक्ता कोण चालवणार, साहेब?"

"तो आपोआप चालतो. तुम्हीच नाही का केलात तसा?"

मास्तरांनी जागेवर येऊन उद्याची ओळ भरून पाहिली. आकडा एक आला. तीनदा तपासलं. सूत्रात चूक नव्हती.

सकाळी त्यांना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मिळाले, दोन्ही डाव्या पायाचे. वहिनीनं जागा दाखवली.

"इथं बसायचं दिवसांप्रमाणे. माझे एक्केचाळीस, तुमचा एक. म्हणजे तुम्ही मोरीच्या तोंडाशी."

बाकीच्या अकरा जणी हसल्याही नाहीत; त्यांना काम होतं. तासाभरानं मास्तरांनी हातातला ब्रश थांबवला.

"वहिनी, मी माणसांना माणूस म्हणून कधी..."

"असेल," ती म्हणाली. "तो ब्रश द्या इकडे."