स्वेटर उसवण्याचा प्रसंग

थोरल्याचा सिनेमा तीन तासांच्या वर गेला होता आणि तो आटोक्यात आणायचं काम धाकटीच्या गळ्यात पडलं होतं. दोघं सख्खी भावंडं. तो दिग्दर्शक, ती संकलक. युनिटमधले लोक तिला पाठीमागे 'कात्रीताई' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

सिनेमा युद्धकाळातला, पण पडद्यावर युद्ध औषधालाही नव्हतं. सीमेपासून लांबचं एक शिंप्याचं घर. शिंपी लढाईवर गेलेला. मागे त्याची बायको, वयात आलेली मुलगी आणि थकलेले आजोबा. सैनिकांचे गणवेश शिवायचे, विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडक्यांना काळा कागद चिकटवायचा, धान्याच्या रांगेत उभं राहायचं आणि वाट बघायची.

निर्माते सज्जन होते, पण तेही हवालदिल झाले होते. "एखादं विमान तरी दाखवा हो," ते म्हणायचे.

"विमानाचा आवाज आहे की," थोरला म्हणायचा.

"आवाज ऐकायला तिकीट काढून कोण येणार?"

शेवटी घरच्यांना आणि जवळच्या मंडळींना बोलावून एक खेळ लावला. दिवे मालवले आणि थोड्याच वेळात काका घोरायला लागले. सिनेमा संपल्यावर सगळे नको तितके गोड बोलले. "प्रकाशयोजना काय सुंदर आहे!" असं तिघांनी म्हटल्यावर थोरल्याचा चेहरा एवढासा झाला. निर्मात्यांनी मात्र थेट बोट ठेवलं. "तो स्वेटरचा प्रसंग. तिथे सिनेमा बसकण मारतो. कापा तो."

त्या प्रसंगात शिंप्याची बायको नवऱ्याचा स्वेटर उसवते. मुलीला थंडीत घालायला काही उरलेलं नसतं, म्हणून. मुलगी दोन्ही हात पुढे धरून बसते आणि आई तिच्या हातांवर लोकर गुंडाळत जाते. कुणी अवाक्षर काढत नाही. बाप परत येईल ही आशा आईने सोडली की काय, हा प्रश्न मुलीच्या डोळ्यांत येतो आणि तिथेच राहतो. बाही संपते, पाठ संपते, गळा संपतो. फार वेळ चालतं ते.

धाकटी त्या दिवशी पडद्याकडे बघत नव्हती. मागे उभी राहून ती माणसं बघत होती. लोकर गुंडाळली जात असताना कुणी हललं नव्हतं. काकांचं घोरणंसुद्धा थांबलं होतं. चुळबुळ सुरू झाली ती नंतर, मुलगी उठून युद्धावर बोलायला लागली तेव्हा. ती सिनेमाभर बोलायची, आणि वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखं बोलायची.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीने स्वेटरला हात न लावता ती भाषणं उडवायला सुरुवात केली. आठवड्याभराने थोरला बघायला आला आणि खुर्चीतून उठलाच.

"माझी वाक्यं कुठे गेली?"

"गेली."

"'युद्धात जिंकणाऱ्याच्या घरातही एक ताट रिकामं असतं', हे तिने म्हणायलाच हवं!"

"दादा, ताट रिकामं दिसतंय ना? मग परत सांगायचं कशाला? लोकांना डोळे आहेत."

"तुला ना, भाषेची चाडच नाही."

"आणि तुला गप्प बसवत नाही. घरी दारी, सगळीकडे तेच."

थोरला दार आपटून गेला तो आलाच नाही. फोनही घेईना. मग एका दुपारी वहिनीच डबा घेऊन संकलनाच्या खोलीत आल्या.

"वन्सं, तिकडे भांडी आदळणं चाललंय. काय केलंत एवढं, मला तरी दाखवा."

धाकटीने दाखवलं. वहिनी पदराशी चाळा करत शेवटपर्यंत बसल्या. "मुलीची भाषणं काढलीत? फार बरं केलंत. जेवायला बसलं की मला रोज ऐकावी लागायची ती." मग म्हणाल्या, "पण आजोबांचं काय केलंत? ते गेले आणि मला काही वाटलंच नाही. मागच्या वेळी मी रडले होते."

आजोबा रोज संध्याकाळी खिडकीचा काळा कागद चाचपून बघायचे. तेच ते होतंय म्हणून तिने त्या सगळ्या संध्याकाळी काढल्या होत्या. वहिनी गेल्यावर तिने त्या एकेक करून परत जोडल्या. शेवटची संध्याकाळ आली, कागदाचा एक कोपरा सुटलेला आणि दाबायला कुणी नाही, तेव्हा तिने तो तुकडा आणखी दोनदा बघितला आणि चपला घातल्या. तिने स्वतः थोरल्याच्या घरी जाऊन त्याला आणलं.

तो सगळं बघून म्हणाला, "ठीक आहे." त्याच्या तोंडून हे म्हणजे पुष्कळच. "पण शेवट तसाच राहणार."

शेवटी शिंपी परत येतो. रेल्वे फलाटावर वाफ, व्हायोलिनं, धावत येणं, मिठी. धाकटीला तो शेवट पाकात बुडवल्यासारखा वाटायचा. ती बरीच भांडली आणि हरली.

सिनेमा लागला. फार चालला नाही, पण पडलाही नाही. एका समीक्षकाने 'पाय ओढत चालणारा' म्हटलं, दुसरीने 'इतका हळू की आपण त्या घरात राहायला जातो' असं लिहिलं. मुलीच्या कच्च्या अभिनयाबद्दल दोघांचं एकमत होतं.

एका दुपारच्या खेळाला भावंडं मागच्या रांगेत जाऊन बसली. मध्यंतरात काही लोक उठून गेले, परत आले नाहीत. दिवे लागल्यावर थोरला पुढे बघतच म्हणाला, "खरं सांग. कसा वाटला?"

"लांबलाय अजून. पोरीला घ्यायला नको होतं. आणि त्या व्हायोलिनांबद्दल तर मी तुला जन्मात माफ करणार नाही."

"हं."

"पण आवडला मला, दादा. फार आवडला."

थोरल्याने घाईघाईने खिशातून फोन काढून घरी लावला. "अगं ऐकलंस का? तिला आवडला म्हणते!"

"सगळा नाही!" धाकटी फोनकडे वाकून ओरडली. "सगळा नाही म्हणावं, वहिनी!"