पडद्यावरचा उजेड

सन दोन हजार दोनच्या मार्गशीर्षात, एका रविवारी दुपारी, सिरसाळ्याच्या बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत शिवकन्येने पाचही मॉनिटरांचा उजेड आपल्या हाताने कमी केला. शेवटचा मॉनिटर तिच्या धाकट्या भावाचा, रवीचा. त्यावर तिची बोटं जरा थबकली. मग तोही तिने बाकीच्यांच्या बरोबरीला आणला.

“अक्का, माझा राहू दे,” रवी हळूच म्हणाला.

“सगळ्यांना एकच.”

कॅफे तिचाच. वडील गेल्यावर सरकी-पेंडीच्या दुकानाची पुढची खोली तिने त्यासाठी काढून घेतली होती. इंटरनेटला गिऱ्हाईक कमी, बंदुकीच्या खेळाला गर्दी. अंधारी तळघरं, अरुंद बोळ आणि कोपऱ्यात टपलेला शत्रू. बावीस वर्षांच्या रवीसारखा नेम पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. कानाला हेडफोन लावला की पावलं ऐकूनच त्याची बंदूक वळायची.

पण गेलं वर्षभर तो मॉनिटरचा उजेड इतका वाढवून बसे, की काळोखाची राख व्हायची आणि टपलेला माणूस दुधातल्या माशीसारखा उघडा पडायचा. आज त्याच्याशी खेळायला आलेल्या दिंद्रुडच्या आदिनाथने त्यावरच बोट ठेवलं होतं.

“उजेड वाढवला की शेंबड्या पोरालाबी दिसतंय,” तो म्हणाला होता. “त्यात हुनर कशाचा बे?”

हे रवीपेक्षा शिवकन्येला जास्त लागलं, कारण तिलाही तेच वाटत होतं. उजेडाच्या सवयीने भावाचा पावलं ऐकणारा कान मारला होता. आज दोघांत जिंकणारा पौषात औरंगाबादच्या स्पर्धेला जाणार होता आणि रवीने वर्षभर दुसरं काही मनात आणलं नव्हतं. त्याने जावं, पण मागे कुणी बोलू नये, एवढंच तिला हवं होतं.

तसा तो घरीही बदलला होता. पूर्वी पूजा चुकवणारा रवी आता दिवस मावळायच्या आत अंगणात उन्हाला बसायचा आणि तळहातावरचं इष्टलिंग पार नाकाशी नेऊन एकटक पाहायचा. आई, शांतादेवी, शेजारणींना कौतुकाने सांगायची, “माझ्या रवीला ध्यान लागायलंय.”

खेळ सुरू झाला. तळघराच्या दारापर्यंत रवी झपाट्याने गेला आणि तिथेच उभा राहिला. आदिनाथने त्याला मारलं. दुसऱ्या डावात तो आत शिरला, भिंतीला धडकत राहिला. दहा डाव झाले. शेवटी शेवटी तर आदिनाथलाच कसंसं झालं.

“कावून हुबा राहिला बे? पळायचं तरी.”

रवीने हेडफोन काढून जागेवर नीट ठेवला.

कॅफे बंद करून दोघं निघाली तेव्हा दिवस बुडाला होता. रवीने नेहमीसारखा बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. वर्षभर तो संध्याकाळी असाच चालायचा. बहीणभावाची माया म्हणून पेठेतली माणसं नावाजायची. आज ती रागात होती. वाटेत मधेच थांबली, उगीच. रस्ता सपाट होता. मागे तोही थांबला आणि त्याने चपलेच्या टोकाने पुढची जमीन चाचपली.

“नाली आली का, अक्का?”

नाली अजून बरीच पुढे होती. डोक्यावर खांबावरचा दिवा लागलेला होता. शिवकन्येने त्याच्याकडे वळून पाहिलं. तो भलतीकडेच बघत होता.

“आली,” ती म्हणाली. “पाय उचल.”

त्याने पाय उचलला आणि सपाट रस्त्यावर लांब ढांग टाकली.

पौषात ती त्याला औरंगाबादला घेऊन गेली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डोळ्यांच्या आतला पडदा वाळत चालला होता; उपाय नव्हता. आदिनाथ स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. पुढे त्याने दिंद्रुडला मोबाइलचं दुकान टाकलं. रवीला आपण दहा डाव हरवलं, हे तो अजून सांगतो. त्याला खरं कुणी सांगितलं नाही. शांतादेवी मरेपर्यंत ध्यानाचंच बोलत राहिली. शिवकन्येचं लग्न परळीला झालं, कॅफे मोडला.

रवी पेंडीच्या दुकानात बसतो. दिसत काहीच नाही. पण गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याचं नाव घेतो. शिवकन्या माहेरी आली की दारातून चपला मुद्दाम घासत येते.

“घासू नको, अक्का,” तो म्हणतो. “तू वळणावर होतीस तेव्हाच कळलं.”

ती तरी घासते.