बांधाला लागून दोन नावं

जानरावकाकांनी मोर्शीत आमच्या घरी येणं बंद केलं ते एका नकाशावरून. बांधावरून भावाभावांची बोलचाल बंद होते हे मी ऐकून होते. नकाशावरून बंद झालेली मात्र आमच्याच घरात पहिल्यांदा पाहिली.

अमरावतीत बसून मी एक लायब्ररी सांभाळते, म्हणजे वेबसाइटवर नकाशा दाखवायला लागणारा तयार कोड. तो कुणीही फुकट वापरावा, कुणीही सुधारावा. आई याला फुकटची हमाली म्हणते. मोर्शीच्या संत्रा बागाईतदारांच्या एका गटाने तोच कोड घेऊन, मालकांच्या नावांसकट, बागांचा नकाशा केला. तोडीच्या गाड्या आता तो पाहून वावरात पोचतात. मला केवढा अभिमान वाटला! बाबांनी तो काकांना मोबाइलवर दाखवला आणि तिथेच माशी शिंकली.

बाबांचं आणि काकांचं वावर एकाला एक लागून. नकाशा लहान केला की दोन्ही नावांना जागा पुरत नाही. मग लायब्ररी आधी भरलेलं नाव ठेवते आणि दुसरं लपवते. बाबांचं 'देवीदास' राहिलं, 'जानराव' गेलं.

"पोरीनं बापाचं नाव ठेवलं अन् माह्यं पुसलं," म्हणत काका उठले. नकाशा मोठा केला की नाव दिसतं, हे ऐकायलाही थांबले नाहीत. दोघं भाऊ रोज बांधावर बसून एका थर्मासातला चहा प्यायचे. आता बाबा एकटेच पितात.

मग मी सुधारणाच हाती घेतली. शेजारची नावं एकमेकांवर आली तर एकही लपवायचं नाही, एकाखाली एक लिहायचं. माझ्यासोबत ही लायब्ररी सांभाळणारा अकोल्याचा अमोल भारी काटेकोर.

"एका काकासाठी जगाचे नकाशे बदलून राहिली काय?" त्याने फोनवर विचारलं. तरी त्यानेच जुने नकाशे उघडून पाहिले आणि शहरातल्या नावांच्या गर्दीत माझा कोड अडखळतो हे दाखवून दिलं. मी तो दुरुस्त केला. ज्याला हवी त्यानेच ही सोय चालू करावी, असं ठरवून आम्ही नवी आवृत्ती सोडली. मोर्शीच्या गटाने ती लगेच घेतली.

रविवारी मी काकांकडे गेले. बाबा सोबत आले, पण फाटकाशीच थांबले. काका ओसरीत संत्री निवडत होते. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. दोन्ही नावं होती, तरी कपाळावरची आठी काही जाईना.

"माह्यं वर अन् दादाचं खाली काहून?"

"तुमचं वावर उत्तरेले हाय, काका. नकाशात उत्तर वर रायते."

"असन उत्तर वर. पण दादा मोठा हाय ना!" त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "त्याचं वर कर आधी. लोकं काय म्हनतीन मले?"

मग त्यांचं लक्ष फाटकाकडे गेलं.

"अन् तुमी तिथं काहून उभे, दादा? या ना घरात."