काओलाकमधल्या एका झिजलेल्या दाताची कैफियत

मित्रांनो, मी एक दात आहे. वरच्या ओळीतला, अगदी मधला. माझे वय अवघे चार वर्षे. एवढ्यात कसली आत्मकथा, असे तुम्ही म्हणाल. पण मी आताच म्हातारा झालो आहे, म्हणून ही घाई.

माझी मालकीण दिबोर सात वर्षांची असताना मी तिच्या हिरडीतून वर आलो. "बघा माझ्या भाचीचा दात! शेंगांची टरफलंसुद्धा फोडील," असे तिची तेनिंगआत्या आमच्या अख्ख्या काओलाक शहराला सांगत सुटली होती. मी फोडतही असे. माझे कवच हाडापेक्षा कठीण, याचा मला गर्व होता.

आत्याचा धंदा थंड सरबतांचा. लाल अंबाडीच्या बोंडांचे बिसाप आणि चिंचेचे पाणी ती छोट्या पिशव्यांत भरून गोठवते. शाळेतून आली की दिबोर पिशवीचा कोपरा माझ्याच धारेने तोडायची आणि तो आंबट गोळा तासभर चोखत बसायची. आंबटाने माझे कवच मऊ पडे. तरी मला भीती नव्हती. लाळ मला हळूहळू सावरते. तिला फक्त थोडा वेळ द्यावा लागतो.

तो वेळ मला कधी मिळालाच नाही.

"अगं, दात बघ तुझे! कोंबडी पळवलेल्या मांजरासारखे लाल झालेत," आत्या ओरडायची. "गिऱ्हाईक काय म्हणेल? घे काडी!"

आमच्याकडे दात घासायला झाडाची काडी असते. आत्या ती कोळशाच्या पुडीत बुडवून द्यायची आणि समोर उभी राहून घासून घ्यायची. मी लख्ख दिसे. शेजारणी कौतुक करत. त्या लख्खपणाखाली मऊ पडलेले कवच रोज खरवडले जाते आहे, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

मग एके दिवशी गार पाण्याने दिबोरच्या डोक्यात कळ गेली. पुढच्याच आठवड्यात भाताचा घास चावताना माझ्या धारेचा टवका उडाला.

दवाखान्यातल्या सी आडनावाच्या डॉक्टर तुकुलोर जमातीच्या आणि आम्ही सेरेर जमातीचे. या दोन जमातींनी एकमेकांची थट्टा करायची, ही जुनी रीत.

"सेरेर ना? भाताबरोबर दातही गिळलास वाटतं!"

"तुकुलोर म्हणजे आमचे चाकर. बडबड कमी कर आणि दात बघ," आत्या म्हणाली.

डॉक्टर हसतच वाकल्या. मला पाहिले आणि त्यांचे हसू मावळले.

"सरबत प्यायल्यावर घासते कधी?"

"लगेच. मी स्वतः घासून घेते."

"तिथंच चुकलं, आत्याबाई. आंबटानं दात मऊ होतो, तेव्हा घासलं की तो झिजतो."

"कवच परत येईल ना?"

"नाही येत."

आत्या दिबोरच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "मीच खरवडला गं."

डॉक्टरांनी माझा टवका भरून दिला. दिबोर आता सरबत जेवणाबरोबर पिऊन संपवते, साध्या पाण्याने चूळ भरते आणि तासभर काडीला हात लावत नाही. तरीही गार वाऱ्याने मी ठणकतो. तिच्या म्हातारपणापर्यंत टिकेन का, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, आंबट प्या, पण चोखत बसू नका. प्यायल्यावर चूळ भरा आणि तुमच्या दातांना सावरायला वेळ द्या. माझ्या आधी इथे दुधाचा दात होता, तो पडला तेव्हा मी आलो. माझ्यामागे मात्र आता कोणीही उभे नाही.