श्रीपादचं बोरन्हाण

श्रीपादच्या बोरन्हाणाला कोंडाबाईला बोलवायचं नाही, असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. सासूबाईंनी बाजाराच्या दिवशी तिला परस्पर आवतण दिलं आणि संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता मला सांगितलं, "कोंडाबाई येणार आहे हं शनिवारी. ठकूलाही आण म्हटलंय." मी 'बरं' म्हटलं. सासूबाईंपुढे मला दुसरं काही म्हणता येत नाही, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक आहे.

कोंडाबाई हिर्डोशीकडच्या धनगरवाड्यावरची. तिचा नवरा हैबती आम्हाला तूप घालायचा, एवढीच आमची ओळख. श्रीपाद तान्हा असताना मला विषमज्वर झाला, तो उलटला, आणि माझं दूध आटलं. वरचं दूध पोराला पचेना. तेव्हा सासूबाईंनी सोवळं खुंटीला टांगलं आणि कोंडाबाईला बोलावणं धाडलं. ती आपल्या ठकूला पाठीशी बांधून आली, आमच्या मागच्या पडवीत राहिली आणि दोन्ही पोरांना अंगावर पाजत राहिली. श्रीपाद जगला तो तिच्यामुळे. हे मला माहीत आहे, तरी भोरातली प्रत्येक बाई मला ते पुन्हा एकदा सांगते.

उपकाराचं मला ओझं नाही. जरीकाठी लुगडं दिलं, पोरीला चांदीचे वाळे दिले, आणखीही देईन. पण ती वाड्यावर परत गेली तरी दर बाजाराला तुपाची बरणी घेऊन येते, आणि तिचा आवाज बोळात ऐकू आला की माझा मुलगा माझ्या मांडीवरून उतरतो आणि लुटुलुटु दाराकडे पळतो. माझ्याकडे तो भूक लागली की येतो, झोप आली की येतो. तिच्याकडे तो उगीच जातो. आईकडे मूल उगीच जायला हवं. शिवाय काऊ म्हणतो, भूभू म्हणतो, कचेरीतून हे आले की बाबासुद्धा म्हणतो. मला मात्र अजून काहीच म्हणत नव्हता.

म्हणून मी या बोरन्हाणावर सगळी भिस्त ठेवली होती. संक्रांतीआधी रोज पहाटे शेगडीशी बसून परातीत तीळ फिरवले, थेंब थेंब पाक सोडला, बोटांची सालटी निघाली. पण हलव्याला असा काटा आला की शेजारच्या वकिलांच्या सुहासिनीबाई, ज्यांचा हलवा दरवर्षी गुळगुळीत होतो, त्यासुद्धा दोनदा हातात घेऊन बघून गेल्या. त्या हलव्याचा मी मुकुट केला, हार केला, बाजूबंद केले. काळ्या खणाचं झबलं शिवलं. त्या दिवशी तरी पोर नटून थटून माझ्या कुशीत असावं आणि चार बायकांनी ते बघावं, एवढंच मला हवं होतं.

शनिवारी आळीतली पोरं दुपारपासूनच ओसरीवर जमली. कोंडाबाई वेळेवर आली. तिनं फडकं सोडून रानातली ओंजळभर बारकी, लालबुंद बोरं सासूबाईंपुढे ठेवली.

"रानची हायती आजी. बारकी हायती, पर ग्वाड लई."

मी बाजारातून टपोरी बोरं आणली होती. सासूबाईंनी माझ्या बोरांना हात न लावता कोंडाबाईची बोरं मापट्यात घेतली, वर चुरमुरे, उसाचे करवे आणि हलवा घातला. मी नुसती बघत राहिले.

श्रीपाद पाटावर छान बसला होता. मी ओवाळलं, सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर माप ओतलं आणि पोरांची एकच झुंबड उडाली. एवढी पोरं अंगावर आलेली बघून तो भेदरला. त्यानं ओठ काढला, हात वर केले. मी पुढे झाले. त्यानं माझ्या खांद्यावरून दाराशी बसलेल्या कोंडाबाईकडे बघितलं आणि स्वच्छ म्हणाला, "आये."

सुहासिनीबाई कशाला गप्प बसतील?

"अगं बाई, हा तर आये म्हणतोय. आपल्यात कुठून आली ही आये?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण न हसून चालण्यासारखं नव्हतं. तोवर तो पाटावरून उठून कोंडाबाईच्या मांडीत शिरला होता आणि ती त्याच्या केसांतले चुरमुरे वेचत होती.

तेवढ्यात ठकू आली. तिच्या ओच्यात करवे होते. तिनं ते खाली टाकले आणि श्रीपादच्या छातीवर दोन्ही हात ठेवून त्याला ढकललं.

"माजी आये हाय. ऊट."

पुन्हा हशा पिकला. मला हसू आलं नाही. त्या घरात माझ्या मनातलं बोलणारं एक माणूस होतं आणि ते दोन वर्षांचं होतं. मी श्रीपादच्या गळ्यातला हलव्याचा हार काढून तिच्या गळ्यात घातला आणि तिच्या कानात म्हटलं, "आयेला घट्ट धर. सोडू नको."

पोरगी गुणाची. तिनं आईच्या गळ्याला अशी मिठी मारली की मांडीवर दुसऱ्याला जागाच उरली नाही. मी श्रीपादला उचलून माजघरात आणलं. त्यानं लाथा झाडल्या, मुकुट फुटला, हलवा घरभर झाला. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत त्यानं हाक मारली, "आये."

"ओ," मी म्हटलं.

"ओ," ओसरीवरून कोंडाबाईही म्हणाली. दोन्ही ओ एकदमच निघाल्या.

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. असेन मी कृतघ्न, पण तिला माझ्या डोळ्यांत जे दिसायला हवं होतं ते दिसलं असावं.

श्रीपादनं पुन्हा हाक मारली, "आये."

"ओ," मी म्हटलं.

या वेळी ओसरीवरून काही आलं नाही. कोंडाबाईनं ठकूच्या केसांत तोंड खुपसलं होतं आणि पदराचा बोळा दातांत धरला होता. श्रीपादनं वाट पाहिली. मग दारावरची नजर काढून त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, ओ कुठून येते ते जणू तपासलं, आणि हुंदके देत माझ्या मानेत तोंड लपवलं.

मला हवं होतं ते मिळालं. बाहेर बायका तीळगूळ घेत होत्या, आणि मी त्याला थोपटत माजघरात उभी होते. तेव्हाही मला कोंडाबाईचा हेवाच वाटत होता. तो हाक मारत असताना गप्प राहणं मला या जन्मात जमलं नसतं.