डाव्या टोकावरचा नारळ

नाथसागराच्या काठावर दोन कॅटमरान ओढून ठेवल्या होत्या. दोन अरुंद होड्या शेजारी ठेवाव्यात, मधे जाळी ताणावी आणि वर शीड उभं करावं, असा त्यांचा घाट.

"शिकाऊ माणसानं ही प्लास्टिकची घ्यावी," बन्सी म्हणाला. वापरलेल्या होड्या विकणं हा त्याचा धंदा. "जड हाय, पण दगडावर आपटली तरी काय व्हत नाय. ही पांढरी फायबरची. पळती लई, पण अंग नाजूक."

स्वरदाला पांढरीच हवी होती. शिकणं संपवून आज ती पहिल्यांदा एकटी पाण्यात जाणार होती.

"बाबा, ती दुसरी म्हणजे आपल्या गच्चीवरची टाकी वाटते."

श्रीधर हसला. पांढरी ठरली.

नवं वाहन म्हटल्यावर पूजा आलीच. श्रीधरच्या आत्या, यमुनाबाई, यांनी दोन्ही टोकांना हळदकुंकू लावलं, डावीकडे हार घातला. काठाला नुसता गाळ, दगड कुठं दिसेना. बन्सी शिडाची दोरी आणायला गेला होता. श्रीधरनं नारळ होडीच्या डाव्या टोकावरच हाणला. दुसऱ्या दणक्याला फुटला.

यमुनाबाईंचा जन्म कीर्तनं ऐकण्यात गेलेला. तडा गेलेला टाळ कसा बद्द वाजतो, हे त्यांच्या कानाला ठाऊक होतं.

"श्रीधर, काहीतरी बद्द वाजलं रे."

"नारळ आहे आत्या, टाळ नव्हे."

हाराखालची केसाएवढी रेघ कुणाला दिसली नाही.

स्वरदा निघाली. पांढरी होडी झरझर लांब गेली, नारिंगी जॅकेटचा ठिपका झाला. मग शीड डावीकडं कललं आणि कललेलंच राहिलं.

"वारा असेल," श्रीधर म्हणाला.

प्रसादाचं खोबरं चघळत बन्सी पाण्याकडं बघत होता. "नारळ कशावर फोडला, साहेब?"

"होडीवरच की."

बन्सीचं तोंड चालायचं थांबलं. "आतून पोकळ हाय ती. पाणी भरतंय."

तो इंजिनाच्या बोटीकडं पळाला. मागोमाग श्रीधर चिखलात धडपडत गेला. बन्सीनं दोरी ओढली. इंजिन खोकलं, गप्प झालं. त्यानं पुन्हा ओढली.

लांबवर शीड पाण्यावर आडवं झालं.

डोळे मिटले तर ठिपका हरवेल, म्हणून यमुनाबाईंनी उघड्या डोळ्यांनीच हात जोडले.